कुणाच्या काळजाची रेघ

"हिला आज पळू देऊ नका," संगणकाच्या पडद्यावरून डॉक्टर म्हणाले. "हृदयाचा आलेख चांगला नाही."

मैदानालगतच्या खोलीत सिस्टरांच्या हातातला कापूस हातातच राहिला. समोर धावपटू मुलगी बसली होती, बुटाच्या लेस बांधून तयार. थोड्या वेळात निवडीची शर्यत. ही हुकली की वर्ष गेलं.

"मला तर काहीच होत नाही हो!" तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अहो, इतक्या लांबून तुम्हाला काय कळतं?" सिस्टर उखडल्या. पण हे आलेखाचं यंत्र येण्याआधी एक उमदा पोरगा याच मैदानावर कोसळला होता, तो त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्या नरमल्या. "बरं, पुन्हा काढते."

खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगला, खोलीभर गवताचा वास पसरला. यंत्रावर मुलीची रेघ संथ चालू लागली. त्या रेघेकडे बघताबघता सिस्टरांना गुंगीच आली.

"ही तर झकास आहे!" डॉक्टर चक्रावले. "मग सकाळची कुणाची?"

सकाळी मुलगी वायरींना बिचकली होती. 'करंट लागतो का हो?' 'अगं वेडाबाई, आधी मला लावून दाखवते,' म्हणत सिस्टर स्वतःच आडव्या झाल्या होत्या. यंत्रात नाव आधीच मुलीचं भरलेलं. मग दोघींचे आलेख त्याच नावावर गेले आणि डॉक्टरांनी पहिला उघडला.

जिना चढताना लागणारी धाप सिस्टर इतके दिवस वयावर ढकलत होत्या.

"माझी," त्या म्हणाल्या. "पोरीला सोडा, डॉक्टर. ती रेघ माझी आहे."

"आडव्या व्हा," डॉक्टर म्हणाले. "गाडी पाठवतोय. तोवर वायरी लावून ठेवा, मी बघत राहतो."

वायरी मुलीनेच लावल्या.

"हलू नका हं, सिस्टर. करंट लागत नाही."

"मला शिकवतेस होय गं!" सिस्टर हसल्या. बाहेर शिट्टी झाली. "जा आता. माझ्याकडे काय बघत बसलीस?"

मुलगी गेली. शर्यत सुटली. पावलांचा आवाज खिडकीखालून येऊन लांब गेला, वळणावरून पुन्हा जवळ येऊ लागला. उठून खिडकीशी जावं, नेहमीसारखं गळा फाडून ओरडावं असं सिस्टरांना फार वाटलं.

"हलू नका," पडद्यावरून डॉक्टर म्हणाले.

त्या हलल्या नाहीत. पावलं खिडकीखाली आली तेव्हा फक्त ओठ हलवून म्हणाल्या, "पळ, बाळा."