आजोबांच्या वाट्याचा वारा

आज मी पंखा म्हणून तुमच्याशी बोलतोय, पण जन्माने मी पंखा नाही. एका रशियन धुलाईयंत्रात ओले कपडे गरगर फिरवून सुकवणारी मोटर, ही माझी मूळ ओळख. यंत्राचं पिंप गंजून सडलं, मी मात्र शाबूत राहिलो, आणि क्युबातल्या आमच्या बायामो गावात शाबूत मोटर कुणी फेकत नाही.

एवेलियो आजोबांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यातून पाती कापली आणि मला एका मुक्या टेलिफोनच्या खोक्यावर बसवलं. जाळी लावली नाही, कारण जाळी मिळालीच नाही. पहिल्याच दिवशी मी त्यांच्या करंगळीचं टोक सोललं. बोट तोंडात धरून ते म्हणाले, "चावतो म्हणजे जिवंत आहे." तेव्हापासून मी या घरचा झालो.

माझ्यात एक खोट आहे. माझी मान फिरत नाही. ज्या दिशेला तोंड करून ठेवाल, त्याच दिशेला वारा. वायरही आखूड, आणि घरातला चालू प्लग एकच, दोन खोल्यांमधल्या दाराजवळ. तिथे स्टुलावर माझी जागा. आतल्या खोलीकडे तोंड केलं की वारा आजोबांच्या खाटेवर, बाहेरच्या खोलीकडे केलं की यारेमिसच्या टेबलावर. दोघांना एकदम कधीच नाही.

यारेमिस आजोबांची नात. तिची आई परदेशात कुणाच्या तरी म्हाताऱ्या वडिलांची सेवा करते, त्यामुळे इथल्या म्हाताऱ्याची सेवा यारेमिसकडे. कमरेचं हाड मोडून आजोबांनी खाट धरली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: पाठ कोरडी ठेवा, वारा लागू द्या, नाहीतर पडून पडून झालेल्या जखमा चिघळतील. औषध म्हणाल तर मीच होतो. यारेमिस औषधांच्या दुकानातच नोकरी करायची, पण त्या दुकानात औषधं नसत. म्हणून तिला वाचायला वेळ भरपूर.

लेओस्बेल नावाचा माणूस दर आठवड्याला सायकलवरून हार्ड डिस्क घेऊन घरोघर फिरतो. त्यात सिनेमे, मालिका, बेसबॉलचे सामने, सगळं कॉपी करून मिळतं. ज्यांच्याकडे धड इंटरनेट नाही त्यांचं इंटरनेट तेच. एकदा त्या ढिगात यारेमिसला मशीन लर्निंगचे धडे सापडले: यंत्राला उदाहरणं दाखवून शिकवायचं कसं, ते घरच्या घरी. तिचे डोळे लकाकले. पण चौथा धडा कॉपी होत असतानाच वीज गेली आणि तो अर्धवट राहिला. बाकीचे तिने दुसऱ्या दिवशी घेतले, चौथा मात्र लेओस्बेलच्या डिस्कवरूनच उडाला होता.

"मिळाला की आणतो," लेओस्बेल म्हणाला. "महत्त्वाचा होता का?"

"यंत्राची परीक्षा कशी घ्यावी, असं काहीतरी होतं. जन्मभर परीक्षाच दिल्यात मी. तेवढं कळतं मला."

माणसांची ही घाई मला कधीच समजली नाही.

शिकायला घेतलं तेही साधं नाही. वीज कधी येणार, हे यंत्राने आधी सांगायचं. गल्लीतली माणसं फोनवरच्या गटात रोज लिहीत असतात, 'गेली', 'आली', 'पुन्हा गेली'. यारेमिसने दोन वर्षांचे ते सगळे निरोप गोळा केले. हेतू चांगला होता. एकदा वेळ कळली की गल्लीला पाणी चढवता येईल, घेवडा शिजवता येईल, आणि नेमक्या त्या वेळी आजोबांना पुसून, पाठ उघडी करून माझ्यापुढे निजवता येईल.

पण माझ्याच प्लगला जोडून चालणाऱ्या तिच्या कॉम्प्युटरच्या पोटातला छोटा पंखा केव्हाच मेला होता. शिकवणी सुरू झाली की डबा तापायचा आणि बंद पडायचा. त्याला बाहेरून वारा हवा होता.

"आजोबा, दहा मिनिटं पंखा इकडे वळवू?"

"वळव, पोरी. माझी पाठ कुठे पळून जातेय?"

दहा मिनिटं म्हणजे वीज जाईपर्यंत.

"तुमच्यासाठीच करतेय हो हे."

"सरकारही तेच म्हणतं," आजोबा म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे.

असं कित्येक आठवडे चाललं. मग एके दिवशी ती खुर्चीतून उडालीच. यंत्राची शंभरातली त्र्याण्णव उत्तरं बरोबर आली होती. गल्ली गोळा झाली. शेजारच्या ओदालिसमावशींनी कॉफी आणली, वाटाण्याची भेसळ केलेली.

"विचार बाई तुझ्या यंत्राला, उद्या दुपारी वीज येणार का?"

"नाही म्हणतंय."

"परवा?"

"नाही."

"माझ्या नवऱ्याला काहीही विचारलं तरी हेच उत्तर. आणि त्याला पंखाही लागत नाही."

सगळे पोट धरून हसले. यारेमिसही हसली. हसण्याऐवजी तिने त्या वाक्यावर क्षणभर विचार केला असता, तर मला आज हे सांगावं लागलं नसतं.

गल्ली यंत्राच्या शब्दावर चालू लागली. ते 'नाही' म्हणालं की कुणी वाट बघत बसत नसे. एका गुरुवारी ते म्हणालं, रात्रीपर्यंत नाही. ओदालिसमावशी धुणं घेऊन नदीवर गेल्या, यारेमिस पावाच्या रांगेत. जाताना तिने माझा प्लग काढून ठेवला होता, कारण वीज येते ती धक्का देत येते आणि मोटर जळते.

दुपारी कुणीतरी ओरडलं, "आली!"

दाराजवळ मी, जमिनीवर माझी वायर, भिंतीतल्या प्लगपासून वीतभर लांब. आतल्या खोलीत आजोबा घामाने निथळत माझ्याकडे बघत होते.

"आली आहे रे," ते मला म्हणाले. "यंत्राला कुणी कळवलेलं दिसत नाही."

चांगला तासभर वीज राहिली. यारेमिस परत आली तेव्हा गेलेली होती.

"आली होती का हो मधे?"

"मला डोळा लागला होता," आजोबा म्हणाले.

खरं काय ते तिला गल्लीने सांगितलं. पुढच्याच आठवड्यात लेओस्बेल चौथा धडा घेऊन आला. ती तो बघत असताना मी नेहमीसारखा डब्यावर वारा घालत होतो, म्हणून मीही ऐकला. एखादी गोष्ट क्वचितच घडत असेल, तर प्रत्येक वेळी 'नाही' म्हणणारं ठोंब यंत्रसुद्धा जवळजवळ नेहमी बरोबर ठरतं. म्हणून विचारावं की ती क्वचित घडणारी गोष्ट त्याने कितीदा ओळखली.

यारेमिसने मोजलं. तिच्या यंत्राने 'येईल' असं एकदाही म्हटलं नव्हतं.

"आजोबा, हे काहीच शिकलं नाही. नुसतं नाही म्हणायला शिकलं."

"मग कचेरीत चिकटव त्याला. पक्की नोकरी आहे."

ती हसली नाही. तिने चूक दुरुस्त केली आणि पुन्हा शिकवणी मांडली. पुन्हा माझं तोंड टेबलाकडे. आता यंत्र 'येईल'ही म्हणू लागलं, पण नाणं उडवल्यासारखं. कारण गल्लीची वीज कुठल्या नियमाने जातच नव्हती. दूर एका खोलीत बसलेला कुणी माणूस, त्या दिवशी तेल किती आलं आणि कुणाचा फोन आला ते बघून बटण दाबत होता. जिथे नियमच नाही तिथे यंत्र शिकणार काय? हे चौथ्या धड्यात नव्हतं, पाचव्यातही नव्हतं. "थोडी आणखी माहिती मिळाली की जमेल," असं ती म्हणत राहिली. आतून आजोबांच्या पाठीचा वास येऊ लागला होता. तो सगळ्यांत आधी मला आला, कारण हवा मीच ओढतो.

आजोबा ऑगस्टमधल्या एका दुपारी गेले. जखमांचं विष रक्तात भिनलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या वेळी वीज नव्हती, म्हणून मला कुणी दोष दिला नाही, तिलाही नाही. पण मला माहीत आहे. वीज असती तरी माझं तोंड टेबलाकडेच होतं.

यारेमिसने पुढचे सगळे धडे पुरे केले. आता ती खरंच हुशार झाली आहे. परदेशातल्या एका कंपनीने तिला घरबसल्या काम दिलंय. मोठमोठ्या इमारतींमध्ये कुठल्या खोलीत किती गार हवा सोडायची, ते तिचं नवं यंत्र ठरवतं. अगदी अचूक चालतं म्हणे. तिथे वीज जात नाही, म्हणून नियम सापडतो.

माझी पाती वाकली आहेत, आवाज घशातून काढल्यासारखा येतो. तरी वीज आली की मी फिरतो, त्या डब्यावर वारा घालतो. शिकणाऱ्यांनो, शिका, मी अडवणारा कोण? एकच करा. यंत्र बरोबर आलं म्हणून टाळ्या वाजवण्याआधी, ते थंड ठेवायला वारा कुणाच्या अंगावरून वळवला, तेवढं आत जाऊन बघून या. आणि तुमच्या खोलीत आत्ता छान गारवा असेल, तर तो मोजून देणारं यंत्र कदाचित इथेच, माझ्यासमोर शिकलेलं असेल.