दात बघून सोयरीक

माझा भाऊ रंभाजी घोडेगावच्या बाजारात बैलांचा दलाल. बैलाचं तोंड उघडायचं, दात बघायचे, आनि मग इचारायचं, "याचा बाप कोन?" तीच खोड त्यानं पोरीच्या सोयरिकीला लावली. दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. त्याच्या भागिरथीला बेलापूरच्या गोरक्षाचं स्थळ आलं. माझ्या दिराच्या लग्नात तिनं त्याला बघितलेला. करीन तर ह्योच, म्हनून बसली हुती.

पन रंभाजी अडला. "त्याचा आज्जा दारूत गेला, बाप दारूत गेला. खान तशी माती! रगतातच हाय ते."

"अरं मुडद्या, पोरगं थेंबाला शिवत न्हाई!"

"आज न्हाई शिवत. उद्याचं काय?"

मी कपाळ बडवून घेतलं. तरी पोरगी बघायला त्यास्नी बोलवायला लावलंच. थोरल्या भनीपुढं त्याचं काय चालतंय!

गोरक्ष आला, संगं त्याची आई राहीबाई. पोह्याची बशी हातात पडली न्हाई, तवर रंभाजीनं तोंड सोडलं, "घरान्यात दारू हाय म्हनं?"

दुसरा कुनी असता तर 'छ्या, छ्या' म्हनला असता. ह्या येड्यानं मान डोलावली. "हाय, मामा. आज्जा, बाप, चुलता, समदेच. मलाबी एका घोटात धरंल ती. म्हनून तर पैला घोटच घेत न्हाई. शिमग्याला न्हाई, वरातीत न्हाई. माझा माझ्यावर भरवसाच न्हाई."

"बघा, सवताच कबूल झाला!" रंभाजीनं मांडी थोपटली. "न्हाईतर आमचं घरानं! सात पिढ्यांत कुनाला कसलं यसन न्हाई."

दाराआड भागिरथी मुसमुसाया लागली. माझा जीव तुटला.

"व्हय का?" राहीबाई म्हनली. "मग बोलवा पोरीला. आलोच हाय तर रीतीनं बघू."

भागिरथी पाटावर बसली. राहीबाईनं नाव पुसलं, चालाया लावलं, आनि म्हनली, "दात दाव गं, पोरी."

पोरीनं ओठ घट्ट मिटले.

"दाव की!" रंभाजी खेकसला. त्याला काय ठावं! जलमभर बाजारात दात बघितले, घरात कधी बघितले हुते त्यानं? भागिरथीनं तोंड उघडलं. मिशरी लावून लावून दात काळेकुट्ट झालेले.

"आता हिच्या आईचे," राहीबाई म्हनली. वहिनीचे तसलेच. "आनि आक्काबाई, तुमचे?"

मी कशाला दावतीय! पन मला हसूच फुटलं, आनि दिसायचं ते दिसलं.

"आजीबी लावायची का?"

"मरताना बोट तोंडातच हुतं," वहिनी बोलून गेली.

रंभाजीचं तोंड एवढंसं झालं.

गोरक्ष खाली बघत म्हनला, "सोडशील का?"

भागिरथी ताडकन उठली, कमरंची मिशरीची डबी काढली आनि मोरीत उपडी केली.

"अगं थांब! सकाळीच भाजलीया!" मी आनि वहिनी एकदमच मोरीकडं झेपावलो. तंबाखू पान्यात चाललेला, आनि आमी दोघी गुडघ्यावर बसून ओंजळीनं गोळा करतोय. राहीबाई पदर तोंडाला लावून हसाया लागली. गोरक्षबी हसला.

रंभाजी तेवढा हसला न्हाई. त्यानं आमच्या दोघींच्या ओंजळींकडं बघितलं. मग राहीबाईपुढं हात जोडले.

"इहीनबाई, पोरगी दिली. पन ह्याच म्हयन्यात घिऊन जावा. हितं ऱ्हायली तर तिची सुटायची न्हाई."