न आखता कापलेली बाही

शिंप्याच्या बायकोला सगळी गल्ली चिकटमावशी म्हणायची, आणि ते काही तिच्या स्वभावामुळे नव्हे. स्वभावाने बाई दिलदार. पण तिच्या घरात जे म्हणून खाली ठेवलं, ते चित्राला चिकटलंच समजा. रंग, गोंद, वाळू, चहाचा चोथा, जुन्या तिकिटांचे कपटे, नवऱ्याच्या दुकानातल्या चिंध्या. हाताला येईल ते चित्राच्या फळीवर जायचं. एकदा दारावरच्या घंटेचं बटण तारेसकट गेलं. मग मावशीने चित्रावर जोरात फटकारा मारला की घंटा वाजे आणि शिंपी हातातलं शिवण टाकून दार उघडायला धावे.

आधी आखणं हा प्रकार तिला ठाऊक नव्हता. पहिला फटकारा डोळे मिटून. मग फळी उलटीपालटी करून बघायची, काही दिसलं की त्याच्या मागे निघायचं. सकाळचा डोंगर दुपारी मासा होई आणि संध्याकाळपर्यंत त्या माशाचा तोंडवळा थोरल्या नणंदेवर जाई. नणंद घरी यायच्या आत त्यावर पिवळा रंग. अशी चित्रांवर चित्रं चढून फळी इतकी जाड झाली होती, की तिने भिंतीला टेका दिलाय की भिंतीने तिला, हे सांगणं अवघड.

एकच खोड होती. मावशीला थांबता येत नसे. तिचं पुरं झालेलं चित्र आजवर कुणाच्या दृष्टीस पडलेलं नव्हतं.

आणि नेमकी वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी तिला वाचनकक्षातली नवी भिंत देऊ केली. शनिवारी दुपारी टेम्पो येईल, फळी तयार हवी. नसली तर तिथे ‘शांतता राखा’चा भलामोठा फलक लागेल, एवढंच त्यांचं म्हणणं. मावशीची झोप उडाली. आपण केलेल्या एखाद्या गोष्टीपुढे माणसं घटकाभर उभी राहावीत, एवढी एकच हौस तिला जन्मभर होती.

शिंप्याने सल्ला दिला की आधी आखून घे. तो खडू आणि टेप हातात घेतल्याशिवाय रुमालसुद्धा कापत नसे. मावशीने त्याच्या खडूने इमानाने एक रेघ ओढली आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसली. हात जणू झोपी गेले. जे आधीच ठाऊक आहे ते करायचं कशाला, असं म्हणून तिने संध्याकाळी त्या रेघेवर मूठभर वाळू फेकली, तेव्हा कुठे तिला बरं वाटलं.

शनिवारी चित्र असं जमलं होतं, की पेपरवालाही दारात थबकला. पण उजवा कोपरा मावशीला डाचत होता. तिथे तिने हिरवा लावला, पुसला; दोरा चिकटवला, उपटला. शेवटी ओंजळभर गोंद थापला. हा गोंद तिचा स्वतःचा. याने एकदा खुर्ची छताला चिकटली होती आणि ती काढायला गेलेला सुतारही.

तेवढ्यात गल्लीत टेम्पोचा हॉर्न वाजला. शिंपी नवाकोरा पांढरा शर्ट घालून आत आला, ‘बास आता’ म्हणत फळीवर वाकला, आणि त्याचं कोपर थेट त्या कोपऱ्यात टेकलं.

त्याने हात ओढला तसा डोंगर सुटू लागला. डोंगराखालचा मासाही.

“हलू नका,” मावशी म्हणाली.

हे सगळं उचकटलं तर पुन्हा सुरुवात, आणि पुन्हा सुरुवात म्हणजे पुढल्या वर्षापर्यंत तरी शेवट नाही, हे दोघांनाही कळत होतं. मावशीने कोपऱ्याकडे पाहिलं. बाही तिथे निवांत पसरली होती, चुण्यांसकट, बटणासकट. रंग हळूहळू तिच्यात चढत होता. मावशीचा हात पहिल्यांदाच शिवशिवला नाही.

“अहो,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “बाही तिथंच राहू दे ना.”

शिंप्याने शर्टाकडे पाहिलं. असा शर्ट त्याने गिऱ्हाइकालाही कधी शिवून दिला नव्हता. मग त्याने कात्री मागितली. मावशी त्याची सवय ओळखून खडूही शोधायला वळली.

“खडू राहू दे,” तो म्हणाला, “नाहीतर मी विचार करत बसेन.”

कात्री डाव्या हातात, चिकटलेली बाही उजवी, डोळे अर्धे मिटलेले. खांद्यापाशी ती कचाकचा फिरली.

“भीती वाटते गं,” तो म्हणाला, आणि हसायलाच लागला. “पण मजा येते.”

फळी उचलायला चौघे लागले, पाचवा नुसता सूचना द्यायला. संध्याकाळी वाचनकक्षात चित्रापुढे दाटी झाली. बाही नेमकी तिथेच ठेवायचं कसं सुचलं, असं ग्रंथपालबाईंनी विचारलं, तेव्हा मावशीने एका बाहीच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. ती स्वतः चित्रासमोर हाताची घडी घालून उभी होती, आणि तिला तिथे काही म्हणता काही लावावंसं वाटत नव्हतं.

शिंप्याची नजर मात्र वाचनालयाच्या लांबलचक पडद्यांवर खिळली होती, आणि एक हात कात्रीच्या खिशात होता. मावशीच्या ते लक्षात आलं. तिने ग्रंथपालबाईंचं कोपर धरलं, त्यांना दुसऱ्या टोकाला नेलं आणि चांगलं गप्पांत गुंतवून ठेवलं.