बाजारात न आलेली कॅसेट

जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानदाराला सगळे डॉक्टर म्हणतात. मेलेली यंत्रं उठवतो म्हणून, आणि फी कमी करत नाही म्हणूनही. मी कॅसेट काउंटरवर ठेवली तेव्हा त्याने आधी हात पुसले, मग ती उचलली. माझ्या हातच्या वस्तूला एवढा मान बऱ्याच दिवसांत कोणी दिला नव्हता.

"मारामारीचा गेम. तोही पहिल्या खेपेतला," तो म्हणाला. "ही हल्ली टिकत नाही बघा, आली की उचलली जाते. भाव चढतच चाललाय." मग त्याने ती उलटी केली. "कोपऱ्याला हे काय? उंदराने कुरतडलंय?"

"मी. लहान होते. हरले होते."

तो हसला नाही. दातांच्या खुणांचे पैसे कापून त्याने भाव सांगितला, आणि माझा चेहरा बघून पुढे म्हणाला, "डबा आणि आतली पुस्तिका असेल तर चौपट. नुसती कॅसेट लोक खेळायला नेतात, डब्यासकट कपाटात ठेवायला नेतात. कपाटवाले जास्त देतात."

चौपट म्हणजे एक शिलाई मशीन. जुनं का होईना, पण माझं. तयार कपड्यांच्या मोठ्या दुकानाने आमची गल्ली गिळली, तेव्हा आधी कारागीर बाई गेली, मग एकेक मशीन गेलं, शेवटी माझ्या शिवणाच्या दुकानाला कुलूप लागलं. एक मशीन मिळालं असतं तर घरातल्या खिडकीशी बसून मी पुन्हा सुरुवात केली असती. मला दुसरं काही येत नाही आणि दुसऱ्याची नोकरी माझ्या स्वभावाला झेपत नाही.

पण डबा ताईकडे होता.

तो गेम आम्हा दोघींत मिळून एक होता. ताई चपळ पोरगी घेऊन खेळायची, मी आडदांड पैलवान. ती थांबून, बघून, नेमकी लाथ मारायची. मी सगळी बटणं एकदम दाबायचे. घरात मला ठिणगी म्हणत ते उगाच नाही. ताई लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या कपाटातला डबा तिच्याबरोबर गेला आणि यंत्रात अडकलेली कॅसेट माझ्याकडे राहिली. तेव्हा तिची किंमत कोणाला होती? पुढे आई आजारी पडली. ताई नर्स आहे, तिचं म्हणणं होतं आईला तिच्याकडे न्यावं. मी नेऊ दिलं नाही. आई माझ्याच घरी वारली. त्या दिवशी ताई म्हणाली, "तुझ्या हट्टापायी," आणि मी तिला सांगितलं, पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. तिने ठेवलं नाही. ती माझं एवढं एकच ऐकते.

म्हणून जाण्याआधी मी चांगली साडी इस्त्री केली. एक गोष्ट पक्की होती: डबा मागायचा, पण दुकान बंद झाल्याचं ताईला कळू द्यायचं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणा, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. तिने मला कीव म्हणून काही द्यावं, यापेक्षा मी उपाशी राहिले असते.

ताईने दार उघडलं. ड्यूटीवरून नुकतीच आली असावी, पायांत अजून पांढरे बूट होते. केस बरेच पिकलेत तिचे. "ये," म्हणाली, जणू मी परवाच येऊन गेले होते. पाणी दिलं.

"दुकान कसं चाललंय?"

"जोरात. श्वास घ्यायला फुरसत नाही," मी म्हटलं. "आपल्या त्या गेमचा डबा आहे का गं तुझ्याकडे? एका हौशी माणसाने मागितलाय. माझ्याकडे नुसती धूळ खात पडलीय कॅसेट, म्हटलं देऊन टाकू."

मला वाटलं, नाही म्हणणार. मग तिने कपाटाकडे बोट केलं. "खालच्या खणात आहे."

खण जड होता. ओढला तर आत आमचा डबा, आणि त्याच्या बाजूला कॅसेटींची चळत. सगळ्या त्याच गेमच्या, सगळ्या पालथ्या. माझ्या मनात आधी वाईटच आलं, ते नेहमी आधी येतं. भाव चढवणारी ही होय! नर्सबाईंनी साइड बिझनेस मांडलाय.

"एवढ्या कशाला गं? कपाटवाली झालीस का?"

"लोक जाहिरातीत पुढचाच फोटो टाकतात," ताई म्हणाली. "मागच्या बाजूचा मागितला तर देत नाहीत. मग घ्यावीच लागायची. घरी आणून कोपरा बघायचे."

मला कळायला वेळ लागला. माझ्या दातांच्या खुणा शोधत होती ती.

"मी विकली असेन असं वाटलं तुला?"

"तू ती सुखासुखी विकणार नाहीस, हे मला माहीत होतं. सगळं विकून झाल्यावर विकशील." ती शांतपणे बोलत होती, पेशंटच्या माणसांशी बोलतात तशी. "म्हणून दर वेळी कोपरा कोरा निघाला की बरं वाटायचं. आपली बाजारात आलेली नाही, म्हणजे ठिणगीचं ठीक चाललंय."

मी पर्स घट्ट धरली. कॅसेट आतच होती. ताईने हात पुढे केला आणि मी ती काढून तिला दिली, का दिली ते मला सांगता येणार नाही. तिने ती उलटी केली, कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि पलंगावर बसली.

"मशीनं कधी गेली?"

मी सांगणार होते की कसली मशीनं, काहीतरीच काय. ओठ हललेसुद्धा. पण रडूच आलं, आणि ते आवरेना. इतकी वर्षं तिच्यासमोर कधी रडायचं नाही म्हणून जपलं होतं, ते सगळं गेलं.

तिने मला उगी केलं नाही. माझ्याकडे बघतही नव्हती, त्या चळतीकडे बघत होती.

"मी वेडी," ती म्हणाली. "बाजार बघत बसले. तुझ्या दुकानावरून एकदा चालत गेले असते, तर कुलूप दिसलं असतं."