मंडळीनं दिलेला होकार

प्रतिक्षाचा राग तसा जुनाच. लहानपणापासून ती बोलताना अडखळायची, आणि तिचा शब्द अडला रे अडला की समोरचा माणूस तो पुरा करून टाकायचा. दुकानदार करायचा, एसटीचा कंडक्टर करायचा, आणि सगळ्यांवर ताण म्हणजे तिची आई, नम्रता. एकदा डॉक्टरांपुढे प्रतिक्षा "पो... पो..." करत होती, तर आई "पोटात दुखतंय" म्हणून मोकळी झाली. दुखत होती पोटरी. पोरीनं आठवडाभर पोटाच्या गोळ्या गिळल्या. आणि वर आई चारचौघींत सांगायची, "माझ्या पोरीच्या मनातलं मला न बोलता कळतं." कळतंय डोंबल!

सतराव्या वर्षी प्रतिक्षा दृढीकरणाच्या वर्गाला जायला लागली. पेण आणि रोहा, दोन्हीकडच्या मेथडिस्ट चर्चच्या मंडळ्या एकच पाळक सांभाळायचे. ते राहायला पेणला, म्हणून वर्गही तिथंच, दर शनिवारी. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "तुमचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही तान्ही होतात. देवाला वचन दिलं ते तुमच्या आईबापांनी. आता ते तुम्ही आपापल्या तोंडानं द्यायचं. त्यासाठीच हे दृढीकरण." बाकीची पोरं जांभया देत होती. प्रतिक्षाच्या अंगावर मात्र काटा आला. आपल्या तोंडानं! असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं. पावसाळ्यात रोह्याहून जाताना वाटेत नागोठण्याला पाणी भरायचं, गाड्या तासन्‌तास अडकायच्या, तरी तिनं एक शनिवार चुकवला नाही.

दृढीकरणाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी रोह्याच्या चर्चमध्ये तालीम झाली. पाळक एकेकाला नाव घेऊन विचारणार, "येशू ख्रिस्ताला आपला तारणारा म्हणून स्वीकारतोस काय?" त्यानं म्हणायचं, "होय, मी स्वीकारतो." मग डोक्यावर हात. वर्गातल्या आदर्शचं झालं, भूमिकाचं झालं. प्रतिक्षाची पाळी आली तसा पाळकांनी आवाज मऊ केला.

"तू नुसती मान हलव हां, बाळ. तुझं उत्तर सगळी मंडळी मिळून देईल. आईशी बोललोय मी."

म्हणजे आधीच ठरलं होतं! रस्ताभर ती दातओठ खात चालली आणि घरात पाऊल टाकताच फुटली.

"तू को-कोण ठरवणारी?"

नम्रता भाकरी थापत होती. "अगो, मुंबईवरून पाहुणे येनार हायत. सगळ्यांसमोर अडलीस तर लोक हसतील. माझ्यानं नाय बघवणार."

"म-मग डोळे मिट."

"देवाला कळतंच ना तुझ्या मनातलं?"

"देवाला क-कळतं. तु-तुला नाय."

नम्रताचा हात परातीत थांबला. वर्मी लागलं होतं, पण माघार घेईल तर ती नम्रता कसली! "उद्या मान हलवायची, बस," ती म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

रविवारी चर्च गच्च भरलं. पोरं वेदीपुढे गुडघे टेकून बसली होती. आदर्श पोपटासारखा घडाघडा बोलला. भूमिका लाजत बोलली. मग पाळक प्रतिक्षापुढे आले, तिचं नाव घेऊन प्रश्न विचारला. तिनं मान हलवली नाही. तोंड उघडलं.

"हो... हो..."

"होय, ती स्वीकारते!" तिच्या पाठीमागून बाकांवरची सगळी मंडळी एकदम गरजली. नम्रताचा आवाज सगळ्यांच्या वर. हसलं कुणीच नाही. सगळ्यांनी प्रेमानं म्हटलं, अगदी जीव लावून, आणि त्याचीच प्रतिक्षाला भयंकर चीड आली. हसले असते तर निदान तिचं वाक्य तिच्याकडे राहिलं असतं.

पाळकांनी हात पुढे केला. तिनं डोकं बाजूला घेतलं.

"झालं बाळ," ते कुजबुजले. "उत्तर आलं."

"मा-माझं नाय आलं." ती ताडकन उठली आणि बाकांकडे बोट केलं. "त्यांनी दि-दिलं ना? म-मग त्यांच्याच डो-डोक्यावर ठेवा हात!"

पाळकांचे कान लाल झाले. पाहुणे चष्म्याच्या काचा पुसायला लागले. नम्रता बाकावरून अर्धी उठली. "साहेब, तिला म्हणायचंय काय की..."

"आई!"

हा शब्द काही अडला नाही. नम्रता मटकन खाली बसली.

पाळकांनी हात मागे घेतला. रागावलेच होते ते, दिसत होतं. पण त्यांनी पुन्हा तिचं नाव घेतलं आणि अख्खा प्रश्न पहिल्यापासून विचारला. प्रतिक्षा गुडघ्यांवर बसली. "हो"वर अडली, "मी"वर अडली, "स्वी"वर तर पार रुतली. पुढच्या बाकावर नम्रतानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. चर्चमध्ये कुणी हूं की चूं केलं नाही. प्रतिक्षाचा राग अजून उतरला नव्हता. तिला लागला तेवढा वेळ तिनं घेतला.