मागची भिंत

फाटकाच्या खांबाकडे निघालेला हात मावशीने अर्ध्यातून मागे घेतला आणि पर्समध्ये कोंबला. पर्स शेजारणीकडून मागून आणलेली. आत एक रुमाल आणि नातीसाठी घेतलेलं झबलं, बस्स.

आदल्या दिवशी लेकीने फोनवर दोनदा बजावलं होतं. "आई, ये, चार तास बस, बाळाला खेळव. पण भिंतीला हात लावू नकोस. माझी शपथ आहे तुला."

म्हणे भिंतीला हात लावू नकोस! आचाऱ्याला सांगावं, नाक घरी ठेवून ये, त्यातलाच प्रकार. पंचवीस वर्षं मावशी दुसरं काय करत आली होती? नवरा गेला तेव्हा घरात दोन शिड्या, सात ब्रश आणि चार वर्षांची पोर एवढंच उरलं होतं. शिडी विकायची की चढायची, एवढाच प्रश्न होता. ती चढली. बाईमाणूस भिंती रंगवतंय म्हणून आधी लोकांनी दात काढले, आणि मग तेच लोक "रंगमावशी, जरा आमचं घर बघून जाता का?" म्हणत दारात यायला लागले. घराला रंग हवाय की नकोय, हे तिच्याइतकं तिच्या गावात कुणाला कळत नव्हतं. ती तळवा भिंतीवरून फिरवायची. हाताला पिठासारखी पूड लागली की रंग मेला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेलेली दिसली की पाणी तिथून आत शिरतंय. काळं दिसलं तर त्यावर कपड्यांच्या ब्लीचचे चार थेंब टाकायचे. काळं उडालं तर बुरशी, राहिलं तर धूळ. आणि नुसती धूळच असली तर सरळ सांगायची, "रंग कशाला? धुऊन घ्या." असं सांगून तिने हातची किती कामं घालवली, त्याला गणती नाही.

आताही घर वाचायला तिला हात लावायची गरज पडली नाही. पुढची बाजू लोण्यासारखी पिवळसर, गुळगुळीत, फार तर दोन वर्षांपूर्वी रंगवलेली. पण रंगाऱ्याने कोपऱ्याशी ब्रश थांबवला होता तो थांबवलाच. कोपऱ्याच्या पलीकडे बाजूची भिंत करडी पडलेली, छज्ज्याखालून काळे ओघळ उतरलेले, आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पोपडे सुटलेले. तोंडाला पावडर आणि मानेवर मळ. शाब्बास, मावशी मनात म्हणाली, आणि आत गेली.

"या या, विहीणबाई!" व्याही खुर्चीतून न उठता म्हणाले.

व्याह्यांना सगळी वसाहत साहेब म्हणायची. तीस वर्षं त्यांनी कुठल्याशा कार्यालयात दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवर सह्या केल्या होत्या, आणि त्यामुळे आपल्याला कळत नाही अशी गोष्ट जगात नाही, अशी त्यांची खात्री पटलेली होती. टेबलावर त्यांनी एक छापील अर्ज मुद्दाम उलगडून ठेवला होता, येणाऱ्याने विचारावं म्हणून. मावशीने विचारलं नाही. मग त्यांनीच सांगितलं.

"सुंदर घर स्पर्धा. येत्या रविवारी वसाहतीची समिती येतेय. गेल्या वर्षी दुसरा नंबर होता आपला. यंदा पुढून अजून एक हात मारून घेतो, म्हणजे पहिला कुठे जात नाही."

"आणि मागून?" मावशीच्या तोंडून निसटलं.

"मागे कोण बघतंय? समिती काय मोरीच्या दाराने येणार आहे?" साहेब स्वतःच्याच विनोदावर खदखदले. त्यांची बायको, म्हणजे लेकीची सासू, सवयीने हसली. लेकीने चहाचा कप ठेवता ठेवता आईकडे बघून डोळे वटारले.

"बाकी तुम्ही तर या धंद्यातल्या," साहेब पुढे म्हणाले. "तुमच्या दुकानात बाहेरच्या रंगात सध्या काय जोरात आहे?"

मावशीने कपात बघितलं. "गिऱ्हाईक मागेल ते."

दुकान! लग्न जुळताना लेकीने ठोकून दिलं होतं की आईचं रंगाचं दुकान आहे, आणि मावशीला ते कळलं लग्नाच्या आदल्या दिवशी. हीच पोर लहानपणी शिडीच्या खालच्या पायरीवर बसून पाढे म्हणायची, संध्याकाळी तिच्याबरोबर ब्रश धुवायची. थोडी मोठी झाली आणि शाळेत पालकांना बोलावलं की म्हणायला लागली, "आई, हात नीट घासून ये गं." त्या हातांनी तिचं कॉलेज केलं, आणि शेवटी ते हातच लपवायची पाळी आली. मावशीला संताप आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. पण पोरीच्या संसारात आपण कशाला काडी टाका, म्हणून ती दुकानदारीण झाली. आजवर तीनदा या घरात आली, तिन्ही वेळा इस्त्रीचे कपडे घालून आणि रॉकेलने नखं खरवडून.

आतून खोकला आला. बारीक, कोरडा, सात महिन्यांच्या जिवाला न शोभणारा. मावशी ताडकन उठली.

"काही नाही हो, हवेमुळे," साहेब म्हणाले. "इकडची हवाच दमट. सगळ्यांच्या पोरांना होतं. डॉक्टरने तिसऱ्यांदा औषध बदललंय. माझ्या ओळखीतला आहे तो."

बाळाची खोली सगळ्यात मागे होती. दारातच मावशीच्या नाकाला ओल्या गोणपाटाचा वास आला. पाळणा भिंतीला टेकवलेला, आणि त्याच्या शेजारी एक थोराड कपाट, अर्धी खिडकी झाकून उभं. शहाणा माणूस कपाट खिडकीवर उभं करत नाही. करतो तो काहीतरी लपवायचं असतं म्हणून. नातीला कडेवर घेऊन मावशीने कपाटाच्या मागे डोकावलं.

भिंतीवर दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक होतं. पिशवी कापून उलगडलेली, धुतलेली, चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद केलेली. भिंतीत ओल आहे की नाही, ते बघायची ही मावशीची स्वतःची रीत. प्लास्टिक दिवसभर ठेवायचं आणि मग बघायचं. पट्टीचं एक टोक दुमडून ठेवलं होतं, एका झटक्यात निघावं म्हणून. असं टोक दुमडून ठेवणारं माणूस मावशीला स्वतःखेरीज दुसरं माहीत नव्हतं. प्लास्टिकच्या आत टपोरे थेंब धरले होते.

मागे पाऊल वाजलं. लेक दारात उभी होती.

"कधीपासून लावतेस?"

"हे नववं." लेक म्हणाली. "रोज लावते, दुसऱ्या दिवशी काढून बघते. रोज ओलंच."

"नऊ दिवस?" मावशीला क्षणभर पोटच्या पोरीचा तिटकारा आला. "नऊ दिवस थेंब बघत बसलीस, आणि पोर याच भिंतीला टेकून निजवलीस?"

"मग कुठे निजवू? बाहेरच्या खोलीत पाळणा आणू देत नाहीत बाबा. शोभा जाते म्हणे. आणि हे नोकरीच्या गावाहून महिन्यातून एकदा येतात, ते म्हणतात, बाबांना विचार."

"मग मलाच का शपथ घातलीस? हात लावू नकोस म्हणून?"

"तू हात लावलास की तू बोलणार. तू बोललीस की बाबा विचारणार, दुकानात बसून हे कसं कळतं. मग मी काय सांगू?"

"मग बोलावलंस कशाला?"

लेक पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिली, लहानपणी रंगाचा डबा सांडल्यावर उभी राहायची तशी. मावशीचा राग तिथेच अर्धा विरला. तिने बाळाला लेकीच्या हातात दिलं, मोरीचं दार उघडलं आणि घरामागे गेली.

मागच्या भिंतीवर रंग म्हणावा असं काही उरलंच नव्हतं. खाली हिरवं, वर काळं, मधे ओलीने वर आलेला पांढरा खार, लोणा, फुटलेला. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली चीर थेट छज्ज्यापर्यंत गेलेली. मावशीने शपथ मोडली. पूर्ण तळवा भिंतीवर ठेवून तिने हात खाली ओढला, मग बोटाने गिलाव्याचा एक फुगा दाबला. तो फुटला आणि आतून पाणी आलं.

ती तशीच, हात न पुसता, बाहेरच्या खोलीत आली.

"व्याहीसाहेब, पुढे एक हात मारायचा बेत सोडा. मागची भिंत हाती घ्या आधी. सगळी खरवडायला लागेल. चिरेतून पाणी आत येतंय, भिंत ते पितेय, आणि बाळ त्या भिंतीची हवा घेतंय. हा खोकला औषधाने जायचा नाही."

साहेबांनी तिच्या तळव्याकडे बघितलं आणि पाय थोडे आत ओढून घेतले. "विहीणबाई, तुम्ही रंग विकता, मान्य. पण गल्ल्यावर बसून भिंत कळत नाही हो. मागे ऊन येत नाही, म्हणून काळी दिसते. सावली आहे ती. आणि ओल म्हणाल तर ती हवेतली. भिंतीतली नव्हे. आमचं बांधकाम असलं तसलं नाही."

सावली! बोटाला चिकटणारी, वास मारणारी सावली मावशीने आजवर बघितली नव्हती. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण त्या उत्तरामागून दुकान कोसळलं असतं, आणि ते तिचं नव्हतं, पोरीचं होतं. तिने ते गिळलं. असल्या माणसापुढे गप्प राहावं लागतंय याचा तिला साहेबांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

लेक बाहेर आली. एका हातावर बाळ, दुसऱ्या हातात ते प्लास्टिक. तिने ते स्पर्धेच्या अर्जावरच ठेवलं. अर्जावर पाणी पसरलं.

"अगं, अगं, अर्ज!"

"थेंब कुठल्या बाजूला आहेत बघा, बाबा. भिंतीकडच्या बाजूला आहेत. ओल हवेतली असती तर थेंब खोलीकडून धरले असते. नऊ वेळा बघितलंय मी."

"हे असलं तुला कोणी शिकवलं?"

"आईने." लेकीने बाळ खांद्यावर घेतलं. "आईचं दुकान नाही, बाबा. कधीच नव्हतं. मी खोटं बोलले होते. आई लोकांची घरं रंगवते. शिडीवर चढून."

बाळ खोकलं.

"म्हणजे," साहेब सावकाश म्हणाले, "मजूर?"

"हो, मजूर," मावशी म्हणाली. "पंचवीस वर्षांत एक भिंत ओली असताना रंगवली नाही. तुम्ही सह्या करताना कागद वाचत होता का कधी?"

साहेबांनी आधाराला बायकोकडे बघितलं. पण ती उठून उभी राहिली होती. "कपाटातल्या चादरींना केव्हापासून वास येतोय," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं तुम्हाला."

"तू गप्प बस."

ती गप्प बसली, पण जाऊन सोफ्याचं एक टोक धरलं आणि ओढायला लागली. सोफा भिंतीला गेला. लेकीच्या कडेवर बाळ होतं, तरी तिघींनी मिळून मागच्या खोलीतून पाळणा उचलून आणला आणि खोलीच्या मधोमध ठेवला, समितीने बसायचं तिथे.

"रविवारी लोक येणार आहेत!" साहेब ओरडले.

"येऊ देत," लेक म्हणाली. "बाळालाही बघतील."

मावशी निघाली तेव्हा लेक फाटकापर्यंत आली. मावशीने कामाचं बोलणं काढलं: आधी खरवडायचं, मग ब्लीचने धुवायचं, चीर बुजवायची, आणि मग भिंत कोरडी होईपर्यंत ब्रशचं नावही काढायचं नाही. कोणीतरी चांगला माणूस बघ, ती म्हणाली.

"कोणीतरी कशाला?" लेक म्हणाली. "तू ये. शिडी घेऊन ये."

मावशीला रविवारच मोकळा होता. टेम्पो फाटकाशी थांबला तेव्हा समितीची पाच माणसं अंगणात उभी राहून पुढच्या भिंतीला माना डोलवत होती. साहेबांनी तेवढ्या दिवसांत पुढचा हात मारून घेतलाच होता. रंग त्याच सकाळचा, अजून बोटाला लागेल असा. मावशीच्या अंगावर कामाचे कपडे होते, पाचपन्नास घरांचे रंग उडालेले. पर्स नव्हती. साहेब तिला बघून लगबगीने पुढे आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "विहीणबाई, जरा मागच्या बोळाने जाता का? लोक आहेत."

मावशी काही बोलायच्या आत लेक पायऱ्या उतरून आली. समितीच्या देखत तिने शिडीचं दुसरं टोक उचललं आणि खांद्यावर घेतलं. माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. साहेब कोणाला तरी सांगायला लागले की कामाची माणसं आहेत, आणि मधेच थांबले.

कोपरा अरुंद होता. एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला ती ताजी, लोण्यासारखी भिंत. "आई, जपून," लेक मागून म्हणाली, "इथे ओला आहे."

मावशीने शिडी तिरपी केली, स्वतः कुंपणाच्या काट्यांना अंग घासून घेतलं, आणि लेकीला पुढे ओढत कोपरा वळली. पुढच्या भिंतीवर एक ओरखडाही उठला नाही.