प्रभावतीबाईंची टाच

माझ्या ताईचा उजवा पाय नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मी पौडला वायरमन आहे, आणि आमच्या घरात लाइट गेल्यावरही चालू राहणारी ती एकच वस्तू आहे.

ताई म्हणजे प्रभावतीबाई. माले गावच्या शाळेत नऊ वर्षं मास्तरीण. दीड वर्षापूर्वी तिच्या पायाचा चवडा खाली लोंबायला लागला. चालताना बोटं जमिनीला घासायची, ती अडखळून पडायची. उजव्या हाताची बोटंही बधिर झाली. खडू हातात आहे की नाही, हे तिला बघून ठरवावं लागायचं. पुण्याच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. आमच्या आईनं ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "एकच रोग हाय का दोन?"

मला डॉक्टरनं माझ्या भाषेत समजावलं. मेंदूपासून पायापर्यंत वायरी येतात, त्यांच्यावरचं रबर जागोजागी खरवडलं गेलंय.

"मग टेप मारा की," मी म्हणालो.

"तेच तर येत नाही," डॉक्टर म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता. त्यानं एक डबी बनवून घेतली होती, साबणाच्या डबीएवढी. ती कमरेला बांधायची. तिच्यातून दोन रबरी चकत्या गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, आणि एक लांब वायर थेट कॅनव्हासच्या बुटात. बुटात टाचेखाली एक बटण. टाच टेकली की बटण दाबलं जातं, करंट बंद. टाच उचलली की बटण सुटतं, करंट लागतो आणि चवडा आपोआप वर येतो. "रोग बरा होणार नाही," डॉक्टरनं तीनदा सांगितलं. "फक्त पाय उचलेल." ताईला तेवढंच हवं होतं.

कारण जूनपासून ती रजेवर होती आणि रजा संपली होती. सप्टेंबरच्या सुरुवातीला पत्र आलं. शिक्षण विस्तार अधिकारी स्वतः येऊन बघणार. फाटकापासून वर्गातल्या फळ्यापर्यंत चालायचं, हजेरी घ्यायची, दारापर्यंत परत यायचं. कुणी हात लावायचा नाही. जमलं तर नोकरी. नाही तर "कामास असमर्थ" असा शेरा आणि घर.

आम्ही सहा आठवडे सराव केला. रस्त्यावर केला, अंगणात केला, ओढ्याच्या उतारावर केला. घरात केला नाही. घरात भिंती होत्या, ती त्या धरून चालायची. हे लक्षात ठेवा. आम्ही ठेवलं नाही.

पत्रात साडेदहा लिहिलं होतं. हैबतराव शितोळे साहेब मोटारसायकलवरून पाऊण वाजता आले. ऑक्टोबरचं ऊन, आणि उन्हात ताईच्या अंगातल्या वायरी आणखी ढिल्या पडतात. फाटकाजवळच्या दगडावर बसून तिचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता.

"जमंल का?" मी विचारलं.

"गप बस," ती म्हणाली. म्हणजे जमेल की नाही ते तिलाही माहीत नव्हतं.

डाव्या हातात काठी घेऊन ती उठली. टाच उचलली, चवडा वर आला. टाच टेकली, चवडा खाली. साहेब छातीशी वही धरून बाजूनं चालत होते, वरातीत नवऱ्या मुलाचा मामा चालतो तसे. मी मागून पावलं मोजत होतो. मैदान साठ पावलांचं. ताई एकदाही अडखळली नाही. पायरीसुद्धा चढली. मला वाटलं, झालं.

तेवढ्यात आतून एकतीस पोरं एका सुरात ओरडली, "साहेब, चपलाऽऽ!"

हा ताईचाच नियम. वर्गाची जमीन शेणानं सारवलेली, पोरं तिच्यावर बसतात, तिच्यावरच पाटी ठेवतात. म्हणून वर्गात पायताण नाही. या नियमासाठी तिनं सरपंचाला पंधरा ऑगस्टला पायरीवर उभं करून भाषण करायला लावलं होतं. साहेबांनी निमूटपणे बूट काढले. एका मोज्याला भोक होतं, ते पोरांनी नीट बघून घेतलं. मग सगळ्यांनी ताईच्या बुटाकडे बघितलं.

त्या बुटात तिची टाच होती आणि टाचेखाली तिची नोकरी.

"तुम्ही राहू द्या बाई," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "मी लिहितो तसं." आणि त्यांनी वहीत लिहिलं. उलट्या बाजूनं अक्षर वाचायची मला सवय आहे, मीटर तसेच बसवलेले असतात. लिहिलं होतं : सवलत दिल्यास चालतात.

ताईनंही वाचलं. पहिले दोन शब्द ऑफिसात कुणीही लाल पेन्सिलीनं अधोरेखित केले असते.

"खोडा ते, साहेब," ती म्हणाली. पायरीवर बसून तिनं बूट काढला.

पुण्याच्या डॉक्टरच्या घरी बूट घालूनच फिरत असावेत. त्याच्या डोक्यात हे आलं नसणार. पण आम्ही तर उंबऱ्याला चप्पल सोडणारी माणसं, आम्हाला काय झालं होतं?

मी बुटातून बटण ओढून काढलं. चार हात वायर मोकळी झाली. अंगठ्यानं बटण दाबून धरलं आणि ताईच्या मागं उभा राहिलो.

"हे काय?" साहेब म्हणाले. "हात लावायचा नाही, असं ठरलंय."

"हात लावत न्हाई, साहेब. मी टाच हाय."

साहेबांनी वहीची मागची पानं चाळली. नियमांत टाचेबद्दल काही नसावं. "बरं," ते म्हणाले. "पण फक्त टाच."

दारापासून फळ्यापर्यंत बावीस पावलं. दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत बसतात, म्हणून खोली लांब. ताईनं पहिलं पाऊल टाकलं आणि मला कळलं की मला तिची टाच दिसतच नाही. वर लुगड्याचा काठ, खाली जमीन. मी अंदाजानं बटण सोडलं. लागलं. दुसऱ्यांदा सोडलं. तेही लागलं.

"उशीर करतोयस," ती दातांतल्या दातांत म्हणाली.

म्हणून पुढच्या पावलाला मी घाई केली. तिचा सगळा भार उजव्या पायावर होता आणि मी करंट सोडला. चवडा ताडकन वर आला, ती मागं कलली, काठी सर्रकन घसरली. पोरांच्या तोंडून "हाऽऽ" निघाला. मी पुढं झेपावलो.

"हात!" साहेब ओरडले.

मी थांबलो. बहीण पडत असताना दोन वितींवर हात थांबवणं काय असतं, ते मी कुणाला सांगू शकत नाही. ती पडली नाही. काठी सारवणातून वर आलेल्या एका दगडाला अडकली आणि ती तिरकी उभी राहिली, श्वास घेत. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

"वाल्या, दे इकडं," ताई मला म्हणाली.

"ताई, तुझ्या बोटांना बटण कळत न्हाई."

"बोटं कोण वापरतंय? टाच म्हणून तुझ्यापेक्षा म्हैस बरी. सगुणा, टेबलावरची हजेरी दे मागं."

हजेरीचं रजिस्टर पुढच्या रांगेतून निघालं आणि पोरांच्या हातांतून सरकत मागं आलं. ताईनं माझ्या हातातून बटण ओढून उजव्या काखेखाली बरगडीशी ठेवलं, त्यावर रजिस्टर धरलं आणि दंड घट्ट आवळला. नऊ वर्षं ती शाळेत अशीच फिरत आली होती, काखेत हजेरी धरून. मग तिनं दंड जरा सैल केला. चवडा उठला. पाऊल पुढं पडल्यावर दंड आवळला. चवडा टेकला.

"तू दारात जा," ती मला म्हणाली.

मी दारात गेलो. टाचेच्या कामावरून मला काढलं होतं.

सुरुवातीला दंड फार हलायचा, एका पंखाच्या कोंबडीसारखा. एकही पोर हसलं नाही, आणि त्यानंच मला जास्त भीती वाटली. पाचव्या-सहाव्या पावलापासून दंड हलताना दिसेना. अठरा. एकोणीस. तिच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता. बावीस. तिनं फळ्याकडं पाठ केली.

"हजेरी घ्या," साहेब म्हणाले.

रजिस्टर काढलं की बटण सुटणार, आणि बटण सुटलं की चवडा वर जाऊन तिथंच अडकणार. डबी बंद करायला हात हवा, आणि तो हात काठीवर. बंद डबीवर तिला परतीचं एक पाऊल टाकता आलं नसतं.

ताईनं रजिस्टर काढलंच नाही. "नथू," ती म्हणाली.

"हजर!"

"सारजा."

"हजर!"

पाठ होती सगळी. गेल्या वर्षीचीच पोरं. बाराव्या नंबरचा जयसिंग गावाला गेल्याचंही तिनं पोरांकडून काढून घेतलं. साहेबांची मान नावागणिक हलायला लागली. एकतिसावं नाव झालं. मी श्वास सोडला.

"बाई," शेवटच्या रांगेतून आवाज आला, "मी ऱ्हायले."

एक नवीच पोरगी उभी होती. दोन वेण्या, फाटका झगा. जूननंतर आलेली असणार.

ताईला सरळ म्हणता आलं असतं, तुझं नाव सांग बाळ, आणि झालं असतं. पण ती त्या पोरीकडं बघत राहिली. कुणाचं नाव वहीत असून घेतलं गेलं नाही, असं तिच्या वर्गात नऊ वर्षांत झालं नव्हतं.

"थांब," ती म्हणाली. "बघते."

"ताई, नको," मी दारातून म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

तिनं दंड उघडला. रजिस्टर खाली घसरलं, ते तिनं बधिर बोटांनी, डोळे रोखून पकडलं. बटण वायरीला लोंबकळायला लागलं आणि तिचा उजवा चवडा ताठ वर गेला. टाचेवर आणि काठीवर उभी राहून, पाय थरथरत असताना, तिनं रजिस्टर पोटाशी टेकवून उघडलं. एक पान उलटलं. दोन पानं एकदम उलटली, म्हणून एक मागं घेतलं. मी मनात आकडे म्हणत होतो. सात. आठ. काठी हलत होती. साहेब एक पाऊल पुढं आले आणि स्वतःच थांबले. नियम त्यांचाच होता. अकरा. बारा.

"चंद्रा बहिरू वाळंज," ताईनं वाचलं.

"हजर, बाई."

तिनं रजिस्टर मिटलं, वायर दातांत धरून बटण वर ओढलं, काखेत घातलं, आवळलं. चवडा खाली आला. मग ती बावीस पावलं चालून परत आली आणि माझ्या शेजारी चौकटीला टेकली. अंग चटका बसेल इतकं तापलं होतं.

साहेब पायरीवर बसून बूट चढवत लिहीत होते. दोन्ही एकदम करत असल्यामुळं अक्षर वाईट आलं. पण मी वाचलं. आधीची ओळ खोडली होती, खाली होतं : चालतात. हजेरी घेतात. तीन महिन्यांनी पुन्हा पाहणे.

"तीनच म्हैने?" मी म्हणालो.

"मला एवढंच लिहिता येतं," साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले. मोटारसायकल तीन किकांनी सुरू झाली.

ताईनं पदरानं तोंड पुसलं आणि आत बघितलं. पोरं अजून तशीच ताठ बसली होती.

"चंद्रा, पाढे कितीपर्यंत येतात?"

"धापर्यंत, बाई."

"तीन महिन्यांत तीसपर्यंत होतात," ताई म्हणाली. ते तिनं कुणाला सांगितलं, मला कळलं नाही. मग तिनं काठी पुढं टेकवली आणि दंड सैल केला.